पेंग्विन पाहायचे, पण सासऱ्यांचं काय?

प्रश्न : सुट्टीत मुलांना राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायचे आहेत. सासरे गावाहून आलेत. जन्म शेतीत गेला, झाडांचा भारी नाद. पण गुडघे दुखतात. त्यांना न्यावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अहो, न्याच! पेंग्विन तर काल-परवाचे पाहुणे. १८६२ साली ही बाग उघडली ती झाडांसाठी, पिंजरे मागाहून आले. मी परळची. लहानपणी मे महिन्यात आमची फेरी ठरलेली, पण हत्ती आणि पाणघोडा सोडून काही पाहिल्याचं आठवत नाही. कॉलेजात बॉटनी घेतल्यावर बाईंनी तिथे नेऊन पहिल्यांदा मान वर करायला लावली.

सासऱ्यांना आधी कैलासपतीपाशी न्या. नाव सांगू नका, नुसतं खोड बघू द्या. फुलं पानांत नाहीत, थेट खोडातून लोंबणाऱ्या देठांवर. मधोमध पिंडी आणि तिच्यावर नागाचा फणा, अगदी कोरल्यासारखा. शेतकरी माणूस वाकून बघेल, बघा तुम्ही! झाड मूळचं दक्षिण अमेरिकेचं, पण आपण त्याला शंकराच्या पदरात घातलं. फळ म्हणजे तोफेचा गोळा. असा एक पडलेला गोळा मी हौसेने घरी आणून फोडला होता. तो वास! आईने पिशवीसकट कचऱ्यात टाकला आणि मला अंघोळीला पिटाळलं.

जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर उर्वशी विचारा. ब्रह्मदेशातून आलेलं झाड, लाल फुलांची झुंबरं, पाकळीवर पिवळा ठिपका. फुलं नसली तरी कोवळी पालवी बघा. धुऊन वाळत घातलेल्या तपकिरी रुमालांसारखी मलूल लोंबत असते. झाड सुकलंय असं वाटेल, पण ती त्याची रीतच आहे. शिवाय गोरखचिंच आहे, आफ्रिकेची. तिच्या बुंध्याला मुलांनी हात धरून कडं करावं.

त्यांना सगळी बाग पायी फिरवू नका. बागेला लागूनच असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. पोर्तुगिजांनी त्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी विलायतेला न्यायला उचलला तेव्हा तुटला, पुढे सांधून उभा केला. तिथवर गेलात की सावली बघून त्यांना टेकू द्या.

लोकलने भायखळ्याला उतरून पूर्वेला बाहेर पडा. गुडघ्यांसाठी सरळ टॅक्सी करा. बुधवारी बाग बंद असते. सकाळी उघडताच पोहोचा, ऊन चढलं की कैलासपतीचा सडा कोमेजतो. पडलेलं फूल खुशाल हुंगा, झाडाचं तोडू नका. आणि पेंग्विनच्या रांगेत मुलांच्या बाबांना उभं करा.