गर्भाला वाढवणारी विकरे कर्करोगात काय करतात?

प्रश्न : माझ्या मावशीला स्तनाचा कर्करोग आहे. संप्रेरकांचा परिणाम रोखणाऱ्या गोळीबरोबर पाल्बोसायक्लिब ही गोळी 21 दिवस घ्यायची आणि 7 दिवस थांबायचे, असे डॉक्टरांनी तिला सांगितले आहे. ही गोळी पेशींचे विभाजन घडवणारी विकरे रोखते म्हणे. पण हीच विकरे गर्भाच्या वाढीला लागतात, असे आम्हाला बी.एस्सी.च्या वर्गात शिकवले. मग ती रोखल्यावर चांगल्या पेशींचे काय होते? आमच्या भागात तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाशीही त्यांचा संबंध आहे का?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : ही कायनेज विकरे, म्हणजेच सीडीके, एकटी असताना जवळजवळ निष्क्रिय असतात. सायक्लिन नावाचे प्रथिन त्यांना जोडले गेले की ती इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवतात आणि पेशी विभाजनाच्या पुढच्या टप्प्यात जाते. काम झाले की सायक्लिन मोडून टाकले जाते. शास्त्रज्ञ टिम हंट यांना 1982 मध्ये सागरी अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अंड्यांत हे प्रथिन प्रत्येक विभाजनाच्या वेळी नाहीसे होताना आढळले. यीस्टमधील असे विकर बनवणारे एक जनुक बिघडले असता त्याचे काम मानवी जनुक करू शकते, हे पॉल नर्स यांच्या गटाने 1987 मध्ये दाखवले, आणि या साऱ्या इतिहासात मला तेच सर्वांत थक्क करणारे वाटते. हंट, नर्स आणि लेलँड हार्टवेल यांना 2001 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बेडकाच्या फलित अंड्यात सुरुवातीची बाराएक विभाजने सुमारे अर्ध्या-अर्ध्या तासाने, जवळजवळ न थांबता होतात. पुढे स्नायू किंवा चेतापेशी घडायच्या असतील, तर विभाजन थांबावेच लागते, आणि तेथे पी27 सारखी सीडीकेंना अडवणारी प्रथिने कामाला येतात. ज्या उंदरांत पी27 नसते, ते नेहमीपेक्षा मोठे वाढतात. गर्भाची घडण विभाजनाइतकीच ते वेळेवर थांबण्यावर अवलंबून असते, आणि कर्करोगात बिघडते ते हे थांबणेच.

पाल्बोसायक्लिब ज्यांना रोखते ती सीडीके 4 आणि 6 ही विकरे सायक्लिन डीच्या साथीने, विभाजन रोखून धरणाऱ्या आरबी या प्रथिनाची पकड सैल करतात, आणि मग डीएनएची प्रत काढण्याची तयारी सुरू होते. मावशींना झालेल्या प्रकारात इस्ट्रोजेन हे संप्रेरक सायक्लिन डी वाढवते, म्हणून दोन्ही गोळ्या एकत्र देतात. ज्या गाठीत आरबीच नष्ट झालेले असते, तिच्यावर मात्र पाल्बोसायक्लिबचा उपयोग होत नाही.

तोंडाच्या कर्करोगाशीही याच साखळीचा संबंध आहे. तंबाखूतील रसायनांनी डीएनएला इजा होते. बिघाड दिसताच पी21 या प्रथिनामार्फत सीडीकेंना थांबवणारे पी53 हे प्रथिन पुष्कळदा निकामी झालेले असते, सीडीके 4 व 6 यांना अडवणारे पी16 हे प्रथिन हरवलेले असते आणि काही गाठींत सायक्लिन डीच्या जनुकाच्या जादा प्रती आढळतात. असे असूनही तोंडाच्या कर्करोगावर ही गोळी रूढ उपचार झालेली नाही. मळलेली तंबाखू आणि मिश्री सोडणे हा उपाय मात्र निपाणी-चिक्कोडीच्या घराघरांत आजही हाती आहे, आणि त्याचे महत्त्व कोणत्याही गोळीहून अधिक आहे असे मी मानतो.

आता चांगल्या पेशींविषयी. सीडीके 2, 4 आणि 6 नसतानाही उंदराचा गर्भ जवळपास निम्म्या काळापर्यंत वाढतो. सीडीके 1 नसेल तर तो अगदी आरंभीच मरतो. सर्वच सीडीके रोखू पाहणारी आधीची औषधे रुग्णांना फारशी झेपली नाहीत, तर केवळ 4 आणि 6 यांना रोखणारी ही गोळी 2015 मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तरीही अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी घडवणाऱ्या पेशींना सीडीके 6 लागते, त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या घडवणाऱ्या पेशी मरत नाहीत, थांबून राहतात, म्हणून 7 दिवसांच्या विश्रांतीत संख्या पुन्हा वाढते. रक्ततपासणी सांगितलेल्या दिवशीच करावी, आणि मावशींना ताप आला तर घरी वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.