दुसरा फोन

लंडनजवळच्या एका उपनगरातून आलेलं पत्र, ओळख पुसून आणि थोडं आटोपशीर करून:

"ताई, मुलगा पंधराचा, इयर टेनमध्ये. हुशार आहे, डॉक्टर व्हायचं म्हणतो. गेल्या आठवड्यात फराळाचे डबे काढायला कपाट उघडलं, तर चकलीच्या रिकाम्या डब्यात एक छोटा बटणांचा फोन आणि इप्सविचची दोन रेल्वे तिकिटं मिळाली. तिथे आमचं कुणीही नाही. दिवाळीआधी महागडे बूट घालून आला होता, मित्राचे म्हणाला. परवा जॅकेटशिवाय घरी आला, ओठ फुटलेला. रस्त्यात लुटलं म्हणाला, पण पोलिसांत जाऊ देईना. हे म्हणतात, त्याला सरळ पुण्याला आईंकडे पाठवू. मला भीती वाटते की कुणाला सांगितलं तर आपलं नाव पोलिसांच्या यादीत जाईल. आणि मंडळात कळलं तर?"

तुमच्या पत्रात मला बुटांपेक्षा फुटलेल्या ओठाची काळजी वाटली. बूट म्हणजे सुरुवात. ओठ फुटला म्हणजे मुलगा आता कर्जात आहे.

हा धंदा कसा चालतो ते आधी सांगते, कारण आपल्या घरांत याला अजूनही 'वाईट संगत' म्हणतात. इथे त्याला काउंटी लाइन्स म्हणतात. लाइन म्हणजे एक फोन नंबर. लंडन, बर्मिंगहॅम, लिव्हरपूल अशा शहरांत बसलेली माणसं तो नंबर चालवतात, लहान गावांतली गिऱ्हाइकं त्यावर हेरॉइन नाहीतर क्रॅक कोकेन मागवतात, आणि माल पोचवायला रेल्वेनं जातात ती शाळकरी मुलं. तिथे मुक्काम एखाद्या व्यसनी किंवा एकट्या, आजारी माणसाच्या घरात. ते घर टोळीनं बळकावलेलं असतं. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते ना, इंग्रजीत या प्रकाराला 'ककूइंग' हे नावच त्यावरून पडलंय. नंबर चालवणारा कधी दिसत नाही. पकडलं जातं ते पोर.

आणि पोरगं पळून का जात नाही, तर त्या लुटीमुळे. अनेकदा लुटणारे टोळीनेच पाठवलेले असतात. माल गेला, रोकड गेली, आता इतके पौंड तुझ्या अंगावर. फेड. फेडण्यासाठी आणखी एक फेरी, मग आणखी एक. पोलिसांत जायची सोय नाही, कारण काय चोरीला गेलं ते सांगायचं कसं? घरी सांगायची सोय नाही, कारण आईबाबांचं तोंड बघवणार नाही. धाकटी बहीण कुठल्या शाळेत जाते ते त्यांना माहीत असतं, आणि ते तसं बोलूनही दाखवतात. आपलं ते 'चारचौघांत अब्रू जाईल' म्हणून गप्प राहणं टोळीच्या फार कामाचं आहे. त्यांना कुलूप लावावंच लागत नाही, ते आपण घरातूनच लावून देतो.

म्हणून आज त्याच्याशी बोलताना "हे काय चालवलंयस?" असं सुरू करू नका. "किती देणं आहे त्यांचं?" एवढंच विचारा. आईला कसं कळलं म्हणून तो दचकेल, पण बोलेल. आकडा कळला तरी पैसे देऊन मोकळं व्हायचा विचार डोक्यातून काढा. आईबाप देतात असं कळलं की तोच आकडा वाढतो.

आता कायदा. इंग्लंड आणि वेल्समध्ये दहा वर्षांच्या मुलावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. (स्कॉटलंडनं ही मर्यादा आठवरून बारावर नेली.) हेरॉइन आणि क्रॅक दोन्ही 'क्लास ए', म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गातले अमली पदार्थ, आणि विकण्याच्या इराद्यानं बाळगणं हा साध्या बाळगण्यापेक्षा कितीतरी जड गुन्हा. ही झाली एक बाजू. दुसरी अशी की २०१५च्या मॉडर्न स्लेव्हरी अ‍ॅक्टप्रमाणे, शोषण करून ज्याच्याकडून गुन्हा करून घेतला ते अठराच्या आतलं मूल बळी ठरू शकतं. त्या कायद्याचं ४५वं कलम अशा मुलाला बचाव देतं: त्यानं ते कृत्य शोषणाचाच थेट परिणाम म्हणून केलं, आणि त्याच्या वयाच्या, त्याच्या परिस्थितीतल्या कुणाही समंजस मुलानं तेच केलं असतं, तर तो दोषी नाही. मोठ्या माणसाला आपल्यावर जबरदस्ती झाली हे दाखवावं लागतं, मुलाला तेही लागत नाही. खून, दरोडा, गंभीर इजा अशा गुन्ह्यांना मात्र हा बचाव चालत नाही.

म्हणजे तोच मुलगा, तीच पिशवी, तेच स्टेशन. एका दारातून तो आरोपी म्हणून आत जातो, दुसऱ्या दारातून बळी म्हणून. कुठलं दार उघडेल ते बरंचसं यावर ठरतं की पोलिसांनी पकडायच्या आधी कुणी काही नोंदवून ठेवलं होतं की नाही. तुमच्याकडे ती संधी आज आहे, म्हणून मी एवढी घाई करतेय.

उद्या सकाळी शाळेत फोन करून 'सेफगार्डिंग लीड'ची वेळ मागा. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेली ही व्यक्ती प्रत्येक शाळेत असते. तुमच्या कौन्सिलच्या मुलांच्या सोशल केअर विभागालाही कळवा, आणि बोलताना हे शब्द स्पष्ट वापरा: "माझ्या मुलाचं गुन्हेगारी शोषण होतंय असा मला संशय आहे, नॅशनल रेफरल मेकॅनिझममध्ये त्याची नोंद करा." ही शोषणाचे बळी ओळखण्याची सरकारी व्यवस्था. आईबापांना ती नोंद स्वतः करता येत नाही. ती पोलिस, कौन्सिल किंवा काही ठराविक संस्थाच करू शकतात. मुलाची संमती लागत नाही. निर्णय यायला वेळ लागतो, पण तारीख पडलेली असते, आणि पुढे वकील त्या तारखेवरच उभा राहतो. आधी मोकळेपणानं कुणाशी तरी बोलायचं असेल तर मिसिंग पीपल या संस्थेची सेफकॉल नावाची सेवा नेमकी याच मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. त्याच्या जिवाला आत्ता या क्षणी धोका वाटला तर मात्र ९९९, तातडीच्या मदतीचा नंबर. मग शाळा, कौन्सिल सगळं नंतर.

यादीची भीती. ती अगदीच उगीच नाही हे मान्य करते. २०११च्या दंगलींनंतर, २०१२मध्ये लंडन पोलिसांनी 'गँग्ज मॅट्रिक्स' नावाची एक यादी सुरू केली. त्यात बहुतांश नावं कृष्णवर्णीय तरुणांची, आणि काहींचा हिंसेशी संबंध जवळजवळ नव्हताच. २०१८मध्ये माहिती आयुक्तांच्या कार्यालयानं तिच्यात कायदेभंग झाल्याचं सांगितलं, हजारावर नावं काढावी लागली, आणि २०२४मध्ये ती बंद झाली. तेव्हा पोलिसांवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. पण शोषणाची तक्रार करणाऱ्या आईच्या मुलाचं नाव एका कागदावर येणं आणि इप्सविचच्या फलाटावर खिशात माल घेऊन सापडलेल्या मुलाचं नाव दुसऱ्या कागदावर येणं, यातला कुठला कागद तुम्हाला हवाय?

पोलिस आधीच दाराशी आले तर? अठराच्या आतल्या मुलाची चौकशी 'अ‍ॅप्रोप्रिएट अ‍ॅडल्ट'शिवाय, म्हणजे मुलाच्या बाजूनं हजर राहणाऱ्या मोठ्या माणसाशिवाय, होत नाही, आणि बहुतेकदा ते आई किंवा बाबा असतात. ठाण्यात वकील फुकट मिळतो, तुमचा पगार कितीही असो. वकील नको म्हणू नका. इथे आपली माणसं हमखास चुकतात. "आपण सभ्य माणसं, वकील कशाला? बाळा, सगळं खरं सांगून टाक, साहेब सोडतील." साहेब तसे सोडत नाहीत. रेकॉर्डिंग चालू असतं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: मुलगा वकिलाला जे सांगतो ते गुप्त राहतं, पण आईला जे सांगतो त्याला ते संरक्षण नाही. वकील म्हणाला "तुम्ही जरा बाहेर बसा", तर रुसू नका. बाहेर बसा.

मी गेली काही वर्षं आमच्या भागातल्या युथ ऑफेंडर पॅनलवर स्वयंसेवक म्हणून बसते. मुलाचा पहिलाच खटला, त्यानं गुन्हा कबूल केला, आणि थेट कोठडीत पाठवण्याइतकं प्रकरण नाही असं कोर्टाला वाटलं, तर तीन ते बारा महिन्यांचा 'रेफरल ऑर्डर' होतो. मग समाजातले दोन स्वयंसेवक आणि युथ जस्टिस विभागाचा एक कर्मचारी मुलाबरोबर, घरच्यांबरोबर बसून एक करार लिहितात. ग्रंथालयाची मागची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कुणीतरी आणलेली बिस्किटं. एकदा समोर आपल्यासारखंच एक कुटुंब होतं. मुलानं स्वेटरच्या बाह्या ओढून बोटं आत लपवलेली. आई आम्हा प्रत्येकाची माफी मागत होती, चहा देणाऱ्या बाईचीसुद्धा. तासाभरानं मुलानं पहिल्यांदा वर पाहून विचारलं, "माझी बहीण आता बसनं गेली तरी चालेल ना?" चार महिने तो तिला स्वतः शाळेत सोडत होता. घरच्यांना वाटलं होतं, किती गुणी भाऊ!

युथ कोर्ट म्हणजे सिनेमातलं कोर्ट नव्हे. विग नाहीत, सामान्य लोकांना प्रवेश नाही, मुलाला पहिल्या नावानं हाक मारतात, आणि पत्रकार बसले तरी त्याची ओळख छापू शकत नाहीत. मला ही पद्धत मनापासून पटते. तरीही एक इशारा द्यायचाय. "कबूल कर आणि रेफरल ऑर्डर घेऊन मोकळा हो" हा सल्ला तुम्हाला कोर्टाच्या बाकावर कुणीतरी देईलच. ज्याला ४५व्या कलमाचा बचाव लागू होतो त्यानं घाईनं कबुली देऊ नये. ऑर्डर संपते, पण अमली पदार्थ पुरवण्याचा दोष डॉक्टरकीला, शिक्षकीला लागणाऱ्या डीबीएसच्या, म्हणजे नोकरीआधी गुन्ह्यांच्या नोंदी बघणाऱ्या, सविस्तर तपासणीतून कधीच गळून पडत नाही. नागरिकत्वाच्या अर्जातही दहा वर्षांपुढच्या मुलाचं चारित्र्य बघतात. तुमच्या मुलाला डॉक्टर व्हायचंय म्हणून हे मुद्दाम लिहिलं. तरुणांच्या केसेस लढणारा वकील शोधा. घर खरेदीचे कागद करणारा ओळखीचा वकील इथे उपयोगाचा नाही.

त्याला हेही समजावा की "चल, नुसता सोबत उभा राहा" म्हणणाऱ्या मित्राबरोबर जाऊ नकोस. कुणी भोसकलं गेलं तर नुसते उभे असलेलेही संयुक्त जबाबदारीखाली खुनाच्या आरोपात ओढले जातात. २०१६च्या जोगी निकालात इथल्या सुप्रीम कोर्टानं ही फूटपट्टी थोडी सरळ केली: काय घडू शकतं याचा अंदाज होता, एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही, मदत किंवा चिथावणी देण्याचा इरादा दाखवावा लागतो. पण तो इरादा फिर्यादी पक्ष मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फुशारकीतूनच शोधतो.

आता पुणे. तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, तिथल्या बातम्या वाचता का? कोयता गँग म्हणून ज्या पोरांची नावं छापून येतात त्यांत कितीतरी अल्पवयीन असतात. तिथेही २०१५च्या बाल न्याय कायद्यानं सोळा ते अठरातल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालू शकतो. पण खरा मुद्दा तो नाही. मुलगा निघून गेला तरी कर्ज इथेच राहतं आणि ते वसूल करायला माणसं तुमच्याच दाराशी येतात, घरात उरलेल्या मुलाकडे बघतात. आणि चौकशी सुरू झालेली असताना त्याला देशाबाहेर पाठवलंत, तर तो पळून गेला असंच दिसेल. महिन्याभरासाठी आजीकडे जायचंच असेल तर सोशल वर्करच्या संमतीनं, तारखा लिहून देऊन, परतीच्या तिकिटासकट जाऊ दे.

तो फोन आहे तसा ठेवा. वाजला तर उचलू नका, मेसेज वाचत बसू नका, चिडून फेकू तर अजिबात नका. कुठल्या दिवशी, कुठे सापडला ते वहीत लिहा आणि तिकिटं त्याच पानाला टाचा. डब्यात पावडरच्या पुड्या सापडल्या असत्या तर मी आधी वकिलाला फोन करायला सांगितलं असतं. त्या शोधायला घर उलथंपालथं करू नका, पण सापडल्याच तर हात लावण्याआधी तो फोन करा.

आणि मंडळाचं काय, विचारलंत. काहीच सांगू नका. ही गोष्ट शाळा, कौन्सिल, वकील आणि घर एवढ्यांतच राहू दे. माघी गणपतीला तो दिसला नाही म्हणून कुणी विचारलंच, तर मॉक परीक्षा आहेत म्हणा. एवढी थाप बाप्पा चालवून घेईल.