‘सॉइल’ : माती आणि मळ

प्रश्न : आमच्या कलमांच्या बागेतील मातीचा नमुना तपासून झाल्यावर मृदा आरोग्य पत्रिका मिळाली. तिचे इंग्रजी नाव ‘सॉइल हेल्थ कार्ड’ असे आहे. नातवाच्या इंग्रजीच्या पुस्तकात मात्र ‘सॉइल्ड’ कपडे म्हणजे मळलेले कपडे, असा अर्थ दिला आहे. इंग्रजांनी मातीलाच घाण मानले, असे समजावे काय? तसेच आपल्या जांभ्याला ‘लॅटेराइट’ का म्हणतात?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : तसे समजण्याचे कारण नाही. इंग्रजीत ‘सॉइल’ हे एकाच उच्चाराचे दोन निरनिराळे शब्द आहेत. आपल्याकडे खाजणातली खार जमीन आणि नारळ पोखरणारी खार यांचे जसे काही नाते नाही, तसाच हा प्रकार आहे.

माती या अर्थाचा ‘सॉइल’ नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. व्युत्पत्तिकार त्याचे मूळ ‘सोलियुम’, म्हणजे आसन, या लॅटिन शब्दात शोधतात. मात्र ‘सोलुम’, म्हणजे तळ किंवा जमीन, या दुसऱ्या लॅटिन शब्दाशी उच्चार जुळल्यामुळे त्याचा अर्थ जमिनीकडे वळला, असे ते मानतात. ‘सोलियुम’चा धातू ‘बसणे’ या अर्थाचा असून संस्कृतातील ‘सद्’, म्हणजे आपल्या ‘सदन’ आणि ‘संसद’ या शब्दांतील धातू, त्याच कुळातला मानला जातो. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आरंभी भूमी, प्रदेश असा होता आणि झाडेझुडपे जिच्यात वाढतात ती माती हा अर्थ नंतर रूढ झाला. ‘सोलुम’चा गोतावळाही मोठा आहे. चपलेच्या तळव्याला इंग्रजीत ‘सोल’ म्हणतात तो त्यातलाच, आणि समुद्राच्या तळाशी अंग पसरून पडणाऱ्या चपट्या माशाचे ‘सोल’ हे नावही वहाणेच्या आकारावरूनच पडले आहे. आपल्या कोळ्यांच्या जाळ्यात येणारा लेप हा त्याच जातकुळीचा मासा.

‘मळवणे’ या अर्थाचे क्रियापद जुन्या फ्रेंचमधील ‘सोयिये’ या क्रियापदावरून आले. त्याच्या मुळाशी डुकराच्या पिल्लासाठी असलेला लॅटिन शब्द आहे, असे बहुतेक कोशकार मानतात, आणि तोही संस्कृत ‘सूकर’चा लांबचा नातलग ठरतो. रानडुकराच्या चिखलातल्या लोळणीलाही फ्रेंचमध्ये याच घराण्यातले नाव आहे. भातशेतीत रात्री डुकरांचा कळप लोळून गेल्यावर सकाळी तो कुणगा ज्याने पाहिला असेल, त्याला ‘मळवणे’ हा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही. घाण, मैला या अर्थाचे ‘सॉइल’ हे नाम याच शाखेतले आहे. त्यामुळे संडासाच्या नळाला प्लंबर ‘सॉइल पाइप’ म्हणतात आणि ज्याला आपण सोनखत म्हणतो त्याला इंग्रजीत ‘नाइट सॉइल’ म्हणतात. मैल्याला सोन्याच्या पंक्तीला बसवणारा मराठी शेतकरी येथे अधिक व्यवहारी वाटतो.

तुमचा आक्षेप खरा लागू पडतो तो ‘डर्ट’ या शब्दाला. अमेरिकेत मातीला सर्रास ‘डर्ट’ म्हणतात, आणि तो शब्द मूळचा स्कँडिनेव्हियातील ‘ड्रिट’, म्हणजे विष्ठा, हाच आहे; ‘नुकसान’चे बोलताना ‘नुसकान’ व्हावे तशी त्यातील अक्षरांची अदलाबदल झाली. मृदाशास्त्राचे अभ्यासक मातीसाठी हा शब्द टाळतात, ते योग्यच होय.

जांभ्याविषयी थोडक्यात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारातील (आजच्या केरळातील) अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला आणि 1807 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लाटेर’ म्हणजे वीट. खाणीत असताना हा दगड हत्याराने विटांसारखा सहज कापता येतो आणि उघड्यावर वाऱ्याउन्हात तो कठीण होतो. आपल्या चिरेखाणींतही हेच दिसते. भरपूर पावसाने चुना, पालाश यांसारखे क्षार वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात; त्यांतील लोहामुळे त्याला तांबडा रंग येतो. जांभ्यावरची माती आम्लधर्मी असण्याचे कारणही क्षार वाहून जाणे हेच आहे, तेव्हा पत्रिकेत सामू (पीएच) सातच्या खाली दिसला तर त्यात नवल नाही.