इंटर्नशिप चालू आहे, जनरल सर्जरीच करायची आहे. तयारी कशी करावी आणि कॉलेज कसं निवडावं?

नीट-पीजीचं (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला बहुतेक ठाऊकच असेल. 200 प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकलं की 1 वजा. 2024 पासून पेपर 40-40 प्रश्नांच्या पाच भागांत येतो. प्रत्येक भागाला 42 मिनिटं मिळतात आणि वेळ संपली की त्या भागात परत जाता येत नाही. म्हणून ‘अवघड प्रश्न शेवटी बघू’ ही सवय मॉक टेस्टमध्येच मोडा. सरकारी कॉलेजांच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी (केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) भरते, उरलेल्या महाराष्ट्रात राज्याचा सीईटी सेल. एम्स, पीजीआय चंदीगड, जिपमर यांच्यासाठी आयएनआय-सीईटी ही परीक्षा वेगळी असते, वर्षातून दोनदा.

खरी गल्लत होते ती चॉइस फिलिंगच्या, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याच्या वेळी. लोक कॉलेजचं नाव बघतात. सर्जरीत बघायचं ते रेसिडेंटच्या हाताला किती काम येतं. त्या कॉलेजच्या जेआर-2 ला (दुसऱ्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट) गाठा आणि नेमकं विचारा: युनिटला आठवड्यात इमर्जन्सी किती दिवस? रात्री दोनला परफोरेशन (आतड्याला किंवा जठराला भोक पडलेला पेशंट) आलं तर पोट कोण उघडतं? हर्नियाची पहिली केस कितव्या महिन्यात मिळाली? ‘शिकायला भरपूर मिळतं’ एवढंच उत्तर आलं तर सावध व्हा. चकचकीत खासगी हॉस्पिटलातल्या डीएनबीच्या (एमएसच्या तोडीची पदवी) जागेवर पेशंट कन्सल्टंटचे असतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी रेसिडेंट रिट्रॅक्टरच (जखमेच्या कडा बाजूला ओढून धरायचं हत्यार) धरून राहतो. अपवाद आहेत, पण चौकशीशिवाय जाऊ नका. माझ्या मते गर्दीचं, गैरसोयीचं सरकारी कॉलेज यापेक्षा कधीही परवडलं. सीट सोडण्याच्या दंडाची रक्कम मात्र चॉइस लॉक करण्याआधी वाचा. पहिल्या तीन महिन्यांत हाय खाऊन सोडणारे असतात.

इंटर्नशिपच्या सर्जरी पोस्टिंगमध्ये फक्त सॅम्पल नेण्यात दिवस घालवू नका. 2-0 सिल्कचा (टाके घालायचा रेशमी धागा) उरलेला तुकडा घ्या आणि कॉटच्या दांडीवर दोन हातांची गाठ बांधत बसा. दुसरा फास पहिल्याच्या उलट दिशेने पडला पाहिजे. दोन्ही एकाच दिशेने पडले की ग्रॅनी नॉट होते आणि ती सरकते. गाठ बसवताना धागा वर उचलू नका, बोट गाठीपर्यंत खाली न्या. वर ओढलं की बारीक रक्तवाहिनी मुळासकट उपटून येते, आणि समोरचे सर काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

जेआर-1 चं वर्ष वॉर्डात जातं. सकाळच्या राऊंडआधी प्रत्येक पेशंटचा ताप, लघवी, गॅस पास झाला का, ड्रेन (पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी) किती आणि कोणत्या रंगाचा, हे स्वतः बघून लिहायचं. रात्री कुणी ड्रेनची पिशवी रिकामी केली आणि लिहिलं नाही, तर सकाळी आकडा शून्य दिसतो. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ड्रेनमध्ये हिरवट पित्त येत असेल, तर या एका चुकीने गळती कळायला आणखी एक दिवस जातो.

थिसिसचा विषय घेताना असा घ्या की त्याचे पेशंट तुमच्याच युनिटला रोज येतात: डायबेटिक फूट, हर्निया, अपेंडिक्स. दुर्मिळ ट्यूमरवर सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) टाकला की नमुनासंख्या भरत नाही. शिवाय मध्ये तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीला (जिल्हा रुग्णालयातली सक्तीची पोस्टिंग) जावं लागतं, तेव्हा डेटा गोळा करणं थांबतं. ते दिवस आधीच वजा करून ठेवा.