सुपरमॅनच्या गोष्टीत त्याची बायको लोइस हिचे वडील जनरल सॅम लेन यांचं काम काय? खलनायक की नुसते खडूस सासरे?

माझ्या मते दोन्ही नाही. ज्याला कुठल्याच तुरुंगाची भिंत अडवू शकत नाही, त्याचं उद्या डोकं फिरलं तर काय करायचं? सुपरमॅनच्या जगात हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा, आणि तो सॅम लेन विचारतो. लेखकांनी तो नायिकेच्या बापाच्या तोंडी घातला, त्यामुळे देशाच्या सुरक्षेचा वाद घरात येऊन बसला.

मुळात सॅम फौजी नव्हताच. 1959 च्या कॉमिकमध्ये तो साधा शेतकरी आहे. 1986 नंतर सुपरमॅनची कथा पहिल्यापासून नव्याने रचली गेली, तेव्हा त्याच्या अंगावर वर्दी आली. त्याला मुलगा हवा होता, झाल्या दोन मुली. मग त्याने थोरल्या लोइसलाच जवानासारखं घडवायला घेतलं. माझे वडील लष्करात होते, त्यामुळे हा भाग मला फार जवळचा वाटतो. सतत बदल्या, दर वेळी नवी शाळा, आणि वडिलांनी एकदा सांगितलं की विषय संपला. लोइस पत्रकार का झाली, हे मला त्या घराकडे बघूनच कळतं. मोठ्या पदावरच्या माणसाला न घाबरता उलट प्रश्न विचारायची सवय तिला बापाशी भांडून लागली, आणि हट्टही त्याचाच उचलला.

कॉमिक्सनी मात्र त्याला शेवटी पार टोकाला नेलं. 2008 ते 2010 च्या ‘न्यू क्रिप्टन’ कथामालिकेत हजारो क्रिप्टनवासी (क्रिप्टन म्हणजे सुपरमॅनचा मूळ ग्रह) परत येतात आणि सॅम ‘प्रोजेक्ट 7734’ नावाची गुप्त मोहीम चालवतो (हा आकडा उलटा धरून वाचला की इंग्रजीत ‘नरक’ दिसतो). धाकटी लेक ल्यूसी हिलाही तो या लढाईत उतरवतो. अखेर त्या लोकांचा ग्रहच उद्ध्वस्त होतो. इथे मात्र तो खलनायकच आहे आणि मला ते खटकतं, कारण भीती इतकी आंधळी दाखवली की मूळच्या रास्त प्रश्नाचं वजनच उरत नाही.

टीव्हीवर ‘स्मॉलव्हिल’मध्ये मायकेल आयर्नसाइडने आणि ‘सुपरगर्ल’मध्ये ग्लेन मॉर्शॉवरने हा जनरल केला, पण दोन्हीकडे काम थोडकंच. खरा न्याय मिळाला तो ‘सुपरमॅन अँड लोइस’ (2021 ते 2024) या मालिकेत. डिलन वॉल्शचा सॅम जावयाचं गुपित जाणतो, त्याच्याकडून देशाची कामं करून घेतो, नातवांवर जीव लावतो, आणि तरीही गुपचूप क्रिप्टोनाइटची, म्हणजे सुपरमॅनला दुबळं करणाऱ्या खनिजाची, शस्त्रं तयार ठेवतो. हे उघड झाल्यावर घरात जे होतं ते बघण्यासारखं आहे. जावई चिडतो, लेक त्याहून जास्त. पण त्याच पहिल्या सीझनमध्ये सुपरमॅनचा स्वतःवरचा ताबा जातो आणि सॅमची भीती खोटी नव्हती हे दिसतं. दोन्ही बाजू खऱ्या असलेलं भांडण सुपरहिरोंच्या गोष्टीत क्वचितच सापडतं, म्हणून मला हा भाग सगळ्यात आवडतो.

चौथा सीझन पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा. त्यात सॅम आपला जीव देतो आणि त्याचं हृदय सुपरमॅनच्या छातीत बसवलं जातं. ते माणसाचं हृदय असल्यामुळे सुपरमॅन पुढे माणसासारखा म्हातारा होतो. ज्याच्या अफाट ताकदीची सॅमला आयुष्यभर धास्ती होती, त्याला मर्यादा मिळाली ती सॅमच्याच प्रेमामुळे. कॉमिक्समधल्या इतक्या वर्षांत एवढं सुंदर कुणाला सुचलं नव्हतं.

2023 ची ‘माय ॲडव्हेंचर्स विथ सुपरमॅन’ ही ॲनिमेशन मालिकाही जरूर पाहा. तिथे सुपरमॅनच्या मागे लागलेला जनरल आपलाच बाप आहे, हे लोइसला उशिरा कळतं. सुरुवात मात्र ‘सुपरमॅन अँड लोइस’च्या पहिल्या सीझनपासून करा, कॉमिक्स नंतर वाचा.