वर्गणीचा ठराव मांडण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गोल्फ क्लबचं सचिवपद घेऊन तीन महिने होत नाहीत तोच वीज, डिझेल, खतं, पगार सगळंच वर चढलंय, आणि कार्यकारिणीतले निम्मे लोक म्हणतायत की यंदा वर्गणीला हात लावायचा नाही. मी खजिनदार होतो तेव्हा हेच वाक्य सर्वसाधारण सभेत उभं राहून म्हणायचो. टाळ्या पडायच्या. त्या टाळ्या किती महाग पडल्या ते आधी सांगतो, तुझ्या प्रश्नांकडे मग वळतो.

आम्ही तीन वर्षं वर्गणी होती तिथेच ठेवली. खर्च दरसाल 6 टक्क्यांनी वाढत होता. 6 टक्के म्हणजे काही फार नाही असं वाटतं, पण तीन वर्षांत ते 19 टक्के होतात. दरवर्षी थोडे थोडे मागितले असते तर लोक कुरकुरले असते आणि चहा पिऊन घरी गेले असते. आम्ही चौथ्या वर्षी एकदम मागितले, आणि ती सभा रात्री उशिरापर्यंत आटपेना.

पण सभेचं एवढं काही नाही. मधल्या तीन वर्षांत तोंडमिळवणी करायला आम्ही जे पुढे ढकललं, ते जास्त महागात गेलं. सिंचनाच्या यंत्रणेचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचं असतं आणि आमची त्या वयाला पोचली होती. सातव्या फेअरवेच्या (चेंडू मारत पुढे न्यायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला एक पट्टा कायम ओला असायचा. हेड ग्रीनकीपर, म्हणजे मैदान राखणाऱ्यांचा प्रमुख, दर महिन्याला सांगायचा, "साहेब, पाइप गळतोय." मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी बघू." ऐन उन्हाळ्यात मुख्य पाइप फुटला. चांगल्या ग्रीनखाली, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीखाली, सुमारे 30 सेंटिमीटर वाळूमिश्रित थर आणि त्याखाली 10 सेंटिमीटर खडी असते. पावसाचं पाणी झटकन निघून जावं म्हणून ही रचना. तीच वाळू उन्हाळ्यात पाणी धरून ठेवत नाही. पाइप सापडून, उकरून, जोडून होईपर्यंत तीन ग्रीन करपली होती. ताळेबंदात मात्र ती तीन वर्षं झकास दिसत होती. गळका पाइप ताळेबंदात कुठे दिसतो?

म्हणून आधी एक यादी कर: पंप, पाइप, मोवर (गवत कापायची यंत्रं), बंकरमधली म्हणजे अडथळ्याच्या खड्ड्यांतली वाळू, क्लबहाउसचं छप्पर. प्रत्येकासमोर तीन आकडे लिही: कधी घेतलं, किती वर्षं टिकेल, बदलायला आज काय लागेल. त्या खर्चाला उरलेल्या वर्षांनी भागलंस की दरसाल बाजूला किती टाकायला हवं ते कळेल. आकडा बघून घाबरशील, मीही घाबरलो होतो. हा पैसा राखीव निधीत, वेगळ्या खात्यात जाऊ दे, आणि पगार भागवायला त्याला हात लावायचा नाही असा ठराव लिहून घे. तोंडी नको, तोंडी मी ऐकलेलं आहे.

आता काटकसर. पार 72 च्या, म्हणजे अठरा होल्स 72 फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या, कोर्सवर 36 फटके ग्रीनवरचे धरलेले असतात, म्हणजे निम्मा खेळ तिथे होतो. आणि अठरा ग्रीन मिळून जागा किती? जेमतेम एक-सव्वा हेक्टर. पन्नास-साठ हेक्टरच्या कोर्समधला हा तुकडा. तिथे कात्री लावू नकोस. लावायची तर रफला, म्हणजे कडेच्या वाढीव गवताला, लाव. जिथे चेंडू क्वचितच जातो असे कोपरे शोध आणि तिथलं गवत वाढू दे. डिझेल वाचतं, पाणी वाचतं, माणसांचे तास वाचतात. चेंडू हरवतात म्हणून दोन-चार जण तक्रार करतील. करू देत. बंकरही मोज. प्रत्येकाला रोज दाताळं लागतं, काठ कापावे लागतात, काही वर्षांनी वाळू बदलावी लागते. ज्यात फक्त नवशिकेच अडकतात असे बंकर बुजवून टाक. कुणी बुजुर्ग म्हणालेच की कोर्सच्या रचनेला हात लावणं पाप आहे, तर त्यांना नम्रपणे सांग की स्कॉटलंडमधल्या जुन्या, नावाजलेल्या सेंट अँड्र्यूजनेच 1764 मध्ये 22 होल्सची फेरी 18 वर आणली. (त्यांनी ते पैशासाठी केलं नव्हतं, पण हे सांगायची गरज नाही.)

धार लावण्यात मात्र काटकसर करू नकोस. एका वर्षी आम्ही ती केली. ग्रीनवरचं गवत 3 मिलिमीटरच्या आसपास कापतात. मोवरच्या रीलची, म्हणजे फिरत्या दंडगोलाची, पाती खालच्या स्थिर पात्याला जेमतेम घासून गेली तरच काप सरळ येतो. ग्रीनकीपर कागदाची पट्टी मध्ये धरतो आणि हाताने रील फिरवतो. पट्टी कात्रीने कापल्यासारखी पडली तर ठीक, दुमडली किंवा फाटली तर पातं बोथट झालं. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. एक-दोन दिवसांत शेंडे पांढुरके दिसतात, रोगाला वाट मिळते, मग बुरशीनाशकाचं बिल येतं. हे स्वतः बघ. सकाळी सहाला शेडमध्ये जा, आणि कोट घालून जाऊ नकोस.

माणसं कमी करायचा विषय निघेलच, कारण कोर्सच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा पगाराचा असतो. पण पाणी कुठे साचतं, कोणता व्हॉल्व्ह उलटा फिरतो हे कागदावर नसतं, त्यांच्या डोक्यात असतं.

सभासदांचं गणित तू विचारलंस. वर्गणी 10 टक्के वाढवलीस आणि अकरातला एक सोडून गेला, की उत्पन्न होतं तिथेच राहतं. त्याहून जास्त गेले तर तू मागे पडलास, आणि गवत तर तेवढंच कापायचंय. म्हणून वाढीआधी हजेरीची वही काढ. जे वर्षात तीन-चारदाच खेळतात ते आधी जातात, बहुधा न भांडता. भांडणारे राहतात. त्या गप्प लोकांसाठी कमी वर्गणीचा, आठवड्यातल्या मधल्या दिवसांचा वर्ग काढता येतो. सरसकट नवे सभासद घेणं सोपं वाटतं, पण दहा मिनिटांच्या अंतराने चौघे सोडले तर तासाला चोवीसच खेळाडू निघतात. रविवारी सकाळी सगळ्यांनाच आठ वाजता हवं असतं, तिथे तू काय करणार?

प्रवेश शुल्कावर रोजचा खर्च चालवू नकोस. ते एकदाच येतं, वीजबिल दरमहा येतं. आणि आजीव सभासदत्व विकून तूट भरायची कल्पना कुणीतरी मांडेलच. आमच्याकडेही मांडली होती, मीच अनुमोदन दिलं. पैसे दोन वर्षांत संपले. ते सभासद अजून खेळतायत, तब्येती उत्तम आहेत, देव त्यांना सुखी ठेवो.

उपाहारगृहाबद्दल थोडक्यात: ते फायद्यात येईल ही आशा सोड, तोटा किती चालेल ते ठरव. पदार्थांची यादी अर्धी केलीस तरी कुणाचं अडत नाही.

सभेआधी कार्यकारिणीला पंपघरात ने. स्लाइडवर आलेख दाखवून काही होत नाही. आम्ही शेवटी त्या फुटक्या पाइपचा हातभर तुकडा सभेच्या टेबलावर ठेवला. आतून गंजाने बोट जाईल एवढीच जागा उरली होती. तो तुकडा हातोहात फिरला, आणि ठराव पहिल्यांदाच वीस मिनिटांत मंजूर झाला. लोक पैसे द्यायला तयार असतात रे, कशाला देतोय ते त्यांना दिसावं लागतं.

ठरावाचा मसुदा पाठवलास तर बघेन. पण त्याआधी पंपघराच्या नोंदवहीची गेल्या बारा महिन्यांची पानं पाठव. पंप रात्री किती तास चालतो ते मला बघायचंय. तास वाढत असतील तर तुझ्याकडेही कुठेतरी गळतंय.

तुझा,
एक माजी खजिनदार