एमॉस ईटन: तुरुंगवास, कालवा आणि भूविज्ञान

प्रश्न: अमेरिकेतील सुरुवातीच्या भूवैज्ञानिकांविषयी वाचताना विल्यम मॅक्ल्यूर यांच्याबरोबर एमॉस ईटन यांचे नाव वारंवार येते. ईटन यांना जन्मठेप झाली होती, आणि खडकांविषयीचे त्यांचे बरेचसे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, असेही वाचनात आले. हे खरे असेल तर त्यांना एवढे महत्त्व का दिले जाते?

उत्तर: आपण वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मॅक्ल्यूर यांचा मान वेगळ्या प्रकारचा आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या या सधन व्यापाऱ्याने स्वतःच्या खर्चाने प्रवास करून 1809 मध्ये संयुक्त संस्थानांचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. ईटन यांच्यापाशी तशी संपत्ती नव्हती, आणि भूविज्ञानाकडे ते वळले तेव्हा त्यांची प्रतिष्ठाही शिल्लक राहिलेली नव्हती.

त्यांचा जन्म 1776 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील चॅटम परिसरात झाला. विल्यम्स कॉलेजातून 1799 मध्ये पदवी घेतल्यावर ते वकील झाले आणि हडसन नदीकाठच्या कॅट्सकिल गावी वकिलीबरोबर जमिनींच्या व्यवहारांचे काम पाहू लागले. तेथेच 1810 मध्ये त्यांनी सर्वसामान्य लोकांसाठी वनस्पतिशास्त्रावर व्याख्याने दिली. मात्र जमिनीच्या एका वादातून त्यांच्यावर बनावट दस्तऐवज केल्याचा आरोप आला आणि 1811 मध्ये त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. हा आरोप त्यांनी कधीही मान्य केला नाही. न्यूयॉर्क शहराच्या ग्रिनिच भागातील तुरुंगात सुमारे चार वर्षे काढताना त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास सुरूच ठेवला. तुरुंगाच्या आर्थिक कारभारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचा किशोरवयीन मुलगा जॉन टॉरी याला त्यांनी तेथेच वनस्पती ओळखायला शिकवले, आणि हाच मुलगा पुढे अमेरिकेतील अग्रगण्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. ईटन यांच्या शिक्षकपणाचा यापेक्षा मोठा पुरावा मला दुसरा दिसत नाही.

न्यूयॉर्क राज्य सोडून जाण्याच्या अटीवर 1815 मध्ये त्यांची सुटका झाली. वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेले हे गृहस्थ येल येथे बेंजामिन सिलिमन यांच्या वर्गात रसायनशास्त्र आणि खनिजशास्त्र शिकायला जाऊन बसले. 1817 मध्ये गव्हर्नर डी विट क्लिंटन यांनी त्यांना पूर्ण माफी दिली आणि पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळातील सदस्यांपुढे भूविज्ञानावर व्याख्याने देण्यासाठी ऑल्बनीला बोलावले. ज्या राज्याने हद्दपार केले त्याच राज्याच्या लोकप्रतिनिधींना ते आता पायाखालच्या खडकांविषयी सांगत होते. 1818 मध्येच उत्तरेकडील राज्यांच्या भूविज्ञानाची ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक निघाले आणि कॅट्सकिल पर्वतापासून अटलांटिक किनाऱ्यापर्यंतच्या खडकांचा उभा छेद त्यात दिलेला होता.

त्यांचे सर्वांत मोठे क्षेत्रकार्य ईरी कालव्याच्या परिसरात झाले. हडसन नदी आणि ईरी सरोवर यांना जोडणारा हा 363 मैलांचा कालवा 1825 मध्ये पूर्ण झाला. त्याचे खोदकाम चालू असताना जमिनीखालचे थर अनेक ठिकाणी उघडे पडत होते आणि अभ्यासकाला अशी संधी क्वचितच मिळते. बडे जमीनदार स्टीफन व्हॅन रेन्सलर यांनी या सर्वेक्षणाचा खर्च उचलला आणि ईटन यांचा अहवाल 1824 मध्ये प्रसिद्ध झाला.

आता त्यांच्या चुकांविषयी. ईटन यांची दृष्टी जर्मन भूवैज्ञानिक वर्नर यांच्या पठडीत तयार झाली होती. त्या पठडीप्रमाणे एका आदिम महासागरातून सर्वत्र ठरावीक क्रमाने खडक साचत गेले, आणि म्हणून खडकाचा प्रकार पाहून त्याचे स्थान ठरवता येते. इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ यांनी जीवाश्मांच्या आधारे थर ओळखण्याची रीत 1815 च्या आपल्या नकाशातून दाखवून दिली होती, तरी ईटन यांनी तिचा पुरेसा उपयोग केला नाही. त्यामुळे न्यूयॉर्कमधील खडकांची युरोपातील खडकांशी त्यांनी घातलेली सांगड अनेक ठिकाणी चुकली. थर कसे एकावर एक येतात याचे त्यांचे निरीक्षण मात्र पुढच्यांना आधारभूत ठरले.

ही दुरुस्ती त्यांच्याच विद्यार्थ्यांनी केली, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर मला येथेच सापडते. व्हॅन रेन्सलर यांच्या मदतीने 1824 मध्ये ट्रॉय येथे रेन्सलर स्कूल स्थापन झाले आणि ईटन त्याचे ज्येष्ठ प्राध्यापक झाले. विज्ञानाचा उपयोग रोजच्या जीवनात करायला शिकवणे हा संस्थेचा हेतू होता. शिक्षकाने बोलावे आणि विद्यार्थ्याने उतरवून घ्यावे, ही प्रथा त्यांनी उलटवली. विद्यार्थ्याने स्वतः प्रयोग करायचा, नमुने गोळा करायचे आणि मग उभे राहून इतरांना तो विषय समजावून सांगायचा, असा तेथील शिरस्ता होता. 1826 च्या उन्हाळ्यात ते विद्यार्थ्यांना नावेत घेऊन कालव्याच्या मार्गाने ईरी सरोवरापर्यंत गेले, आणि पुढे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ झालेले जोझेफ हेन्री या प्रवासात सोबत होते. याच संस्थेने 1835 मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या आणि तशा पदव्या अमेरिकेत प्रथमच दिल्या जात होत्या.

न्यूयॉर्क राज्याचे अधिकृत सर्वेक्षण 1836 मध्ये सुरू झाले. त्यात काम करणारे जेम्स हॉल आणि एबेनेझर एमन्स हे दोघेही ईटन यांचे विद्यार्थी होते, तर मिशिगन राज्याचे पहिले भूवैज्ञानिक डग्लस हॉटन हेही त्यांच्याकडेच शिकलेले होते. हॉल यांनी जीवाश्मांचा काटेकोर अभ्यास करून थरांची नवी मांडणी केली आणि गुरूंनी दिलेली कित्येक नावे मागे पडली. ईटन यांचे 1842 मध्ये ट्रॉय येथे निधन झाले, आणि त्याच सुमारास या सर्वेक्षणाचे अंतिम अहवाल प्रसिद्ध होऊ लागले होते.

प्रश्न: त्या काळात ईटन यांनी स्त्रियांनाही विज्ञान शिकवले होते का?

उत्तर: होय. एमा विलर्ड यांनी 1821 मध्ये ट्रॉय येथे मुलींचे विद्यालय सुरू केले, त्याला ईटन यांचे मोठे साहाय्य होते. एमा यांच्या भगिनी अल्मिरा यांनी त्यांच्याकडे शिकून 1829 मध्ये वनस्पतिशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक लिहिले आणि ते शाळांमधून बरीच वर्षे वापरले गेले. मेरी लायन यांनीही ईटन यांच्याकडे विज्ञानाचे धडे घेतले. मॅसॅच्युसेट्समध्ये 1837 साली त्यांनी मुलींसाठी माउंट होल्योक ही संस्था उघडली, तेथे त्या स्वतः रसायनशास्त्र शिकवत आणि विद्यार्थिनींकडून प्रयोग करून घेत.